ड्युअल-सोर्स सीटी: १२० केव्हीला पाणी शून्यावर, पण ४० केईव्हीचे आकडे वर्षभर घसरताहेत. कारण काय?

मेडफिज_विदर्भ

नमस्कार. ड्युअल-सोर्स सीटीवर (दोन ट्यूब, एक कमी केव्हीवर, दुसरी जास्त केव्हीवर) दर आठवड्याला एकाच फँटमचं (चाचणीच्या ठोकळ्याचं) ड्युअल-एनर्जी स्कॅन करून १४ महिन्यांची नोंद ठेवली आहे. फँटम लंबवर्तुळाकार बॉडीचा, ३० × ४० सेंमी, त्यात आयोडीनचे ५ आणि १५ मिग्रॅ/मिली इन्सर्ट आणि घन पाण्याचा एक. आकडे (एचयूमध्ये, म्हणजे पाण्याला शून्य धरणाऱ्या सीटीच्या मापात) असे:

४० केईव्ही (एकाच ऊर्जेच्या किरणांनी काढल्यासारखी इमेज): पाणी ० वरून −५, आयोडीन ५ चा ४०९ वरून ३९८, आयोडीन १५ चा १२२८ वरून १२०६.
७० केईव्ही: पाणी जेमतेम १ ने खाली, ५ चा २ ने, १५ चा ३ ने.
आयोडीन मॅप (किती मिग्रॅ/मिली आयोडीन ते दाखवणारी इमेज): ५.० चा ४.८, १५.० चा १४.७, पाण्यात −०.१.
मिक्स्ड इमेजमध्ये (१२० केव्ही समतुल्य) पाणी −१.

घसरण हळूहळू झाली आहे, मधे कुठेही उडी नाही. रोजची एअर कॅलिब्रेशन चुकलेली नाही. रोजचं पाण्याचं फँटम ०±५ एचयूत बसतं, म्हणून सर्व्हिसचं उत्तर एकच: "मशीन स्पेकमध्ये आहे." इकडे रेडिऑलॉजीला यकृतातल्या गाठींचा फॉलो-अप आयोडीनच्या आकड्यावर करायचा आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत: दोष स्कॅनरचा की फँटमचा? ७० ला जवळजवळ काहीच नाही आणि ४० ला एवढं, असं का? आणि कितीपर्यंतचा बदल चालवून घ्यायचा?

---

ट्यूब_आणि_डिटेक्टर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर मिळालं की पहिल्याचं अर्धं उत्तर हाती येतं.

४० केईव्हीची इमेज कुणी मोजलेली नसते. लो-केव्ही आणि हाय-केव्ही या दोन मोजमापांतून ती गणितानं बाहेर काढलेली असते. समजा लो-केव्हीला १ मिग्रॅ/मिली आयोडीनमुळे ४० एचयू वाढतात आणि टिन फिल्टर लावलेल्या हाय-केव्हीला १६. फरक २४. आता फक्त लो-केव्हीचं पाणी −२ ला सरकलं आणि हाय-केव्ही जागेवर राहिलं असं धरा. सॉफ्टवेअर या फरकाचा अर्थ "आयोडीन −०.०८" असा लावतं (२ भागिले २४), आणि हाय-केव्ही शून्यावर राहावं म्हणून पाण्याच्या घटकात +१.३ टाकतं. ४० केईव्हीला १ मिग्रॅ/मिली आयोडीनचे सुमारे ८२ एचयू होतात, ७० ला सुमारे २६. म्हणून:

४० ला: −०.०८३ × ८२ + १.३ = −५.५
७० ला: −०.०८३ × २६ + १.३ = −०.८

तुमचे पाण्याचे दोन्ही आकडे या हिशोबात बसतात. मिक्स्ड इमेज म्हणजे दोन्हींची साधारण अर्धी-अर्धी सरासरी, म्हणून तिथे −१ दिसतं आणि ०±५ ची चाचणी बिनधोक पास होते. चाचणी चुकीची नाही. फक्त ती वेगळ्या राशीची चाचणी आहे. आयोडीन मॅपवर निर्णय घ्यायचे तर नियंत्रणही आयोडीन मॅपवर आणि ४० किंवा ५० केईव्हीवर ठेवावं लागतं. ७० केईव्ही ही या बाबतीत सगळ्यात फसवी जागा, कारण तिथे दोन चुका एकमेकींना खातात.

आता खरा धागा. पाणी −५, ५ चा −११, १५ चा −२२. निव्वळ शून्य सरकलं असतं तर तिन्ही सारख्याच अंतरानं उतरले असते. तुमचं अंतर आयोडीनसोबत वाढतंय, म्हणजे शून्याबरोबर चढही (दर मिग्रॅ आयोडीनमागे वाढणारा आकडा) बदलला आहे. असं होतं ते किरणांचा वर्णपट बदलल्यावर.

५०-६० केईव्हीच्या पट्ट्यात पाण्याचा क्षीणन गुणांक ऊर्जेच्या साधारण अर्ध्या घातानं घटतो, आयोडीनचा पावणेतीन घाताच्या आसपास. लो-केव्ही किरणांची प्रभावी ऊर्जा फक्त ०.४ टक्क्यानं वाढली तर पाणी ०.२ टक्क्यानं म्हणजे २ एचयूनं उतरतं, आणि आयोडीनचे एचयू १ टक्क्यानं. १५ च्या इन्सर्टचे लो-केव्हीला सुमारे ६०० एचयू असतात, त्यातले ६ गेले, वर पाण्याचे २, एकूण −८. हाच आकडा वरच्या गणितातून न्या: ४० ला −२२, ७० ला −३.३, मॅपवर −०.३३. तुमची नोंद तंतोतंत हीच आहे. शेवटी दोन्ही इमेज वेगवेगळ्या उघडून एवढं ताडून घ्या की घसरण एकट्या लो-केव्हीत आहे.

वर्णपट कडक होण्याची (प्रभावी ऊर्जा वाढण्याची) नेहमीची कारणं दोन. एक, ट्यूबचं वय: अॅनोडचा फोकल ट्रॅक खडबडीत होतो, किरणांना टंगस्टनच्या खाचखळग्यांतून बाहेर पडावं लागतं, शिवाय ट्यूबच्या खिडकीवर आतून टंगस्टनचा पातळ थर बसतो. हे अंगचं फिल्टरेशन हळूहळू वाढतं आणि मागे फिरत नाही. दोन, जनरेटरचा खरा केव्ही नेमलेल्यापेक्षा किंचित वर सरकणं. एअर कॅलिब्रेशन दोन्हींवर पांघरूण घालते: डिटेक्टरच्या प्रत्येक चॅनेलची गेन ती रोज नव्यानं बसवते, पण वर्णपट बदलल्याचं तिला कळत नाही. बीम हार्डनिंगची (फँटममधून जाताना किरण कडक होतात त्या दुरुस्तीची) आणि पाण्याची टेबलं मागच्या मोठ्या कॅलिब्रेशनचीच राहतात.

मल्टिमीटरनं केव्ही किंवा एचव्हीएल (किरण निम्मे करणारी धातूची जाडी) मोजून हे पकडायला जाऊ नका. ०.४ टक्के हा बदल मीटरच्या स्वतःच्या अनिश्चिततेत बुडतो, आणि केव्हीची स्वीकार्य मर्यादा तर याच्या कितीतरी पट सैल असते. इथे फँटम मीटरपेक्षा जास्त संवेदनशील आहे.

---

फँटम_मोजणी

वरचं विश्लेषण पटलं. तरी सर्व्हिसकडे जाण्याआधी फँटम आणि मांडणी निर्दोष आहे हे दाखवावं लागेल, नाहीतर पहिला आक्षेप तिथेच येईल.

सगळ्यात आधी इन्सर्टची जागा. ड्युअल-सोर्समध्ये दुसऱ्या ट्यूबचं दृष्टिक्षेत्र लहान असतं: पहिल्या पिढीत २६ सेंमी, दुसरीत ३३, तिसरीत ३५ च्या आसपास. ४० सेंमी रुंद फँटमच्या दोन टोकांचे इन्सर्ट त्या क्षेत्राच्या बाहेर किंवा अगदी काठावर येतात, आणि तिथल्या ड्युअल-एनर्जी आकड्यावर विसंबता येत नाही. नोंदीचे इन्सर्ट आतल्या वर्तुळातच हवेत आणि दर वेळी त्याच भोकात. ५ चा इन्सर्ट एका आठवड्यात मध्याजवळ, पुढच्यात बाहेर, असं झालं तर बीम हार्डनिंग आणि स्कॅटरमुळे (विखुरलेल्या किरणांमुळे) आकडा स्कॅनरच्या घसरणीपेक्षा जास्त हलतो. प्रत्येक इन्सर्टला क्रमांक द्या, मांडणीचा फोटो टेबलाजवळ लावा, इन्सर्टवरच्या खुणेची दिशाही ठरवून टाका.

मग मध्य. बो-टाय फिल्टर (मधे पातळ, कडेला जाड) मध्याला धरून बनवलेला असतो. फँटम दोन-तीन सेंमी खाली राहिला की वरच्या आणि खालच्या भागाला वेगळं फिल्टरेशन मिळतं. लेझरवर भागत नाही, कारण लेझरच सरकलेला असू शकतो. एक अॅक्सियल स्लाइस घ्या, फँटमचा मध्य इमेजच्या मध्यापासून ५ मिमीच्या आत आहे ना ते बघा, नसेल तर टेबलाची उंची बदलून पुन्हा. उंचीचा आकडा नोंदीत लिहा.

तापमान. घन इन्सर्टला याचा त्रास कमी, पण रोजचं पाण्याचं फँटम मोजता त्यात दिसतो. २० अंशांवरून २५ वर गेलं की पाण्याची घनता ०.९९८२ वरून ०.९९७० होते, म्हणजे १ एचयूहून थोडं जास्त. विदर्भात एप्रिल-मेमध्ये फँटम एसी बंद असलेल्या खोलीत राहत असेल तर सकाळी आणताच मोजू नका, रात्रभर गँट्रीच्या खोलीतच ठेवा. डिटेक्टरचंही तसंच: वीज जाऊन मशीन थंड झालं असेल तर डिटेक्टरचं तापमान स्थिर व्हायला कंपनीनं सांगितलेला वेळ पूर्ण द्या, मग वॉर्म-अप, मग एअर कॅलिब्रेशन, मग फँटम. हा क्रम मोडलेल्या दिवसाचं मोजमाप वेगळ्या रकान्यात लिहा. खोडू नका.

प्रोटोकॉल (स्कॅनच्या सगळ्या सेटिंग) गोठवलेला हवा: केव्हीची जोडी, ठरलेला सीटीडीआय (डोसचा आकडा), एमएची (ट्यूबच्या करंटची) ऑटोमॅटिक बंद, कोलिमेशन, पिच, एफओव्ही, कर्नल, इटरेटिव्हची पातळी, स्लाइसची जाडी. दवाखान्याच्या रोजच्या प्रोटोकॉलवरून फँटम काढला तर कुणीतरी कर्नल बदलतं आणि आपण ट्यूबला दोष देत बसतो. "क्यूए" (गुणवत्ता तपासणी) नावाचा स्वतंत्र प्रोटोकॉल ठेवा. डोस कमी ठेवण्याचा मोह टाळा, कारण लो-केव्हीत फोटॉन कमी पडले की नुसता नॉइज वाढत नाही, सरासरीही एका बाजूला झुकते.

आरओआय (मोजणीचं वर्तुळ) इन्सर्टच्या व्यासाच्या दोन तृतीयांश. २८ मिमीच्या इन्सर्टला १८-२० मिमी पुरे. इन्सर्टची दोन्ही टोकं सोडून मधल्या दहाएक स्लाइसची सरासरी घ्या आणि स्कॅन तीनदा करा. एका स्लाइसवरचा आकडा नॉइजमुळेच १-२ एचयू हलतो.

फँटमवरचा संशय फेडायला दोन उपाय. एक, तोच फँटम, तीच मांडणी, दुसऱ्या स्कॅनरवर. तिथल्या जुन्या नोंदीतही हीच घसरण असेल तर दोष इन्सर्टचा, नसेल तर तुमच्या मशीनचा. दुसरा उपाय सोपा: आयोडीनचे इन्सर्ट राळेत मिसळलेले घन असतात. ते सगळे एका वर्षात नेमके त्या प्रमाणात बिघडावेत आणि त्यासोबत आयोडीन नसलेलं घन पाणीही उतरावं, ही शक्यता फार कमी. एकच इन्सर्ट वेगळा वागत असेल तर मात्र त्यात बुडबुडा किंवा तडा शोधा. पातळ स्लाइसमध्ये, अरुंद विंडोवर लगेच दिसतो.

---

नियंत्रण_आलेख

"किती चालेल" याबद्दल. बाहेरची मर्यादा एकीकडे, तुमच्या मशीनची स्वतःची चाल दुसरीकडे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ०±५ ही मशीन वापरायला योग्य आहे की नाही हे सांगते. मशीन बदललं की नाही हे तिला सांगता येत नाही.

पहिल्या २०-२५ मोजमापांची सरासरी काढा. मग लागोपाठच्या दोन मोजमापांतला फरक (चिन्ह सोडून) काढत जा आणि त्या फरकांची सरासरी घ्या. तिला २.६६ नं गुणलं की सरासरीच्या वरची आणि खालची नियंत्रणरेषा मिळते. उदाहरणार्थ ४० केईव्हीच्या पाण्याचा सरासरी फरक १.१ एचयू असेल तर रेषा ±२.९ वर येतात. थेट प्रमाण विचलन वापरू नका. बेसलाइनच्या काळातच घसरण सुरू झाली असेल तर विचलन फुगतं, रेषा रुंद होतात आणि घसरण त्यांच्या आत लपते.

हा आलेख उडी चांगली पकडतो, सावकाश घसरण उशिरा. तुमच्यासारख्या केसला ईडब्ल्यूएमए (जुन्या मोजमापांना कमी होत जाणारं वजन देणारी सरासरी) लावा: आजचं मूल्य = ०.२ × आजचं मोजमाप + ०.८ × मागच्या वेळचं मूल्य. ०.२ घेतलं की तीन-सिग्माच्या रेषा (सिग्मा म्हणजे मोजमापाची नेहमीची चढउतार) मूळ सिग्माच्या फक्त एक पट अंतरावर येतात. वरच्या उदाहरणात सिग्मा १.१ भागिले १.१२८, म्हणजे ०.९८. ईडब्ल्यूएमए ±१ च्या बाहेर गेला की इशारा. ५ एचयूची घसरण व्हायच्या कितीतरी आधी हे दिसलं असतं.

कोणत्या राशी आलेखावर? चार पुरेत: ४० केईव्हीचं पाणी, मॅपवरचं पाण्यातलं आयोडीन, मॅपवरचा चढ (१५ च्या इन्सर्टमधून ५ चा वजा करून १० नं भागा, १.०० यायला हवं), आणि लो-केव्ही इमेजमध्ये मध्य आणि काठ यांतला फरक. पहिल्या दोन शून्य सांगतात, तिसरी चढ, चौथी बीम हार्डनिंग. सतरा इन्सर्टचे सतरा आलेख ठेवले तर खोटे इशारे वाढतात आणि हळूहळू कुणी बघेनासं होतं.

ट्यूब बदलली, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, मोठी कॅलिब्रेशन झाली की आलेखावर उभी रेघ, तारीख, कारण, आणि तिथून नवी बेसलाइन. जुना भाग पुसू नका. रुग्णाचे आधीचे आणि नंतरचे स्कॅन त्या रेघेच्या दोन बाजूंना असतील तर रेडिऑलॉजिस्टला ते कळायलाच हवं.

आता फॉलो-अप. एकाच रुग्णाच्या दोन मोजमापांतला फरक २.७७ × सिग्मापेक्षा कमी असेल तर तो नुसत्या मोजण्यातलाही असू शकतो. फँटममध्ये आयोडीनचा सिग्मा ०.१ मिग्रॅ/मिली असेल तर हा उंबरठा ०.२८. तुमची १५ च्या इन्सर्टमधली घसरण त्याच्याही पुढे गेली आहे. आणि हा उंबरठा फक्त मशीनचा. रुग्णात कॉन्ट्रास्टची वेळ, हृदयाची गती, वजन यांचा वाटा याहून मोठा असतो. म्हणून गाठीचा आकडा त्याच फेजमधल्या महाधमनीच्या आकड्यानं भागून ठेवा. चढातली चूक भागाकारात बरीचशी कटते, शून्याची चूक कटत नाही. ०.८ मिग्रॅ/मिलीच्या गाठीत −०.१ म्हणजे थेट साडेबारा टक्के.

---

सीटी_टेक_कोकण

मधेच एक प्रश्न. फोटॉन काउंटिंग मशीन (एकेक फोटॉन मोजणारं) घेतलं तर ही कटकट संपते का? तिथे डिटेक्टर स्वतःच ऊर्जा मोजतो ना?

---

ट्यूब_आणि_डिटेक्टर

काही कटकटी संपतात, काही नव्या येतात. पहिल्या क्लिनिकल मशीनला अमेरिकेत सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्यात कॅडमियम टेल्युराइडचा डिटेक्टर आहे. दोन्ही ऊर्जांची माहिती एकाच ट्यूबमधून, एकाच क्षणी येते, त्यामुळे दोन ट्यूब वेगवेगळ्या वेगानं म्हाताऱ्या होण्याचा प्रश्न राहत नाही. इलेक्ट्रॉनिक नॉइज सर्वांत खालच्या उंबरठ्याखाली कापला जातो.

पण आता तो उंबरठाच मोजमापाचा कणा होतो. १२० केव्हीला उंबरठे २० आणि ६५ केईव्हीच्या आसपास असतात. वरचा उंबरठा अर्ध्या केईव्हीनं जरी सरकला तरी काही फोटॉन एका कप्प्यातून दुसऱ्यात जातात आणि आयोडीनचा चढ बदलतो. तापमान, स्फटिकात अडकून राहणारा विद्युतभार, दोन शेजारच्या पिक्सेलमध्ये एकाच फोटॉनचा भार वाटला जाणं, कॅडमियम-टेल्युरियमची २३ ते २७ केईव्हीची स्वतःची प्रतिदीप्ती: हे सगळं कंपनी दुरुस्तीच्या मॉडेलमध्ये बसवते. शिवाय फोटॉन फार वेगानं आले तर दोन फोटॉनचा एकच मोठा मोजला जातो. हे होतं फँटमच्या काठाजवळ, जिथे किरण जवळजवळ अडथळ्याविना येतात, आणि जास्त एमएला.

म्हणून तिथे एका आकाराचा फँटम आणि एकच एमए पुरत नाही. २० सेंमीचा डोक्याचा भाग आणि पूर्ण बॉडी, दोन्ही, आणि दोन डोस-पातळ्या. चारही स्थितींत ५ चा इन्सर्ट ५ च दिसायला हवा. आकार बदलल्यावर आकडा बदलतो का, ही फोटॉन काउंटिंगची सगळ्यात उपयोगी चाचणी आहे. ड्युअल-सोर्सवरही ती महिन्यातून एकदा करा, स्कॅटरची दुरुस्ती बिघडली की आधी तिथे दिसते.

---

मेडफिज_विदर्भ

लो-केव्ही इमेज वेगळी उघडून बघितली: पाणी −२, १५ चा −८, आणि हाय-केव्हीत अर्धा एचयूही हललेला नाही. इन्सर्ट आतल्या वर्तुळातच आहेत. म्हणजे लो-केव्हीची ट्यूब. पुढच्या मेंटेनन्सला सर्व्हिसकडे नेमकं काय मागू? एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) क्यूए दोन वर्षांतून एकदा, ती नुकतीच झाली आणि पास आहे, हा मुद्दा ते पुढे करणारच.

---

ट्यूब_आणि_डिटेक्टर

ती क्यूए मशीन सुरक्षित आणि वापरण्याजोगं आहे एवढंच बघते, त्यामुळे तिच्यावरून वाद घालू नका. लेखी मागा असं: दोन्ही ट्यूबच्या स्कॅन-सेकंदांचा आकडा आणि आर्किंगची (ट्यूबच्या आत उडणाऱ्या ठिणग्यांची) नोंद, लो-केव्हीसाठी पाण्याची आणि बीम हार्डनिंगची टेबलं शेवटची कधी बनली ती तारीख, आणि त्या केव्हीची पूर्ण कॅलिब्रेशन. "कॅलिब्रेशन केली" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या केव्हीला, कोणत्या फिल्टरला, कोणत्या आकाराच्या फँटमनं, हे सर्व्हिस रिपोर्टवर यायला हवं. कित्येकदा फक्त १२० होते आणि ड्युअल-एनर्जीची जोडी तशीच राहते.

आधीचं मोजमाप त्यांनी हात लावण्यापूर्वी त्याच सकाळी घ्या. नंतरचं दोनदा: काम संपल्यावर लगेच, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्म-अपनंतर. लगेचच्या मोजमापात ट्यूब आणि डिटेक्टर दोन्ही नेहमीपेक्षा गरम असतात.

आणि निकाल वाचताना पाण्यावर समाधान मानू नका. पाण्याची टेबलं नवी झाली की ४० केईव्हीचं पाणी शून्यावर येईल आणि सगळे म्हणतील काम झालं. पण आयोडीनचा लो-केव्ही आणि हाय-केव्ही यांतला संबंध सॉफ्टवेअरमध्ये वेगळा ठेवलेला असतो, तो त्या कॅलिब्रेशननं बदलेलच असं नाही. तो तसाच राहिला तर १५ चा इन्सर्ट १२२८ वर न येता १२१२ च्या आसपास अडकेल आणि मॅपवर १४.७५ दाखवेल. काही सॉफ्टवेअरमध्ये हे गुणोत्तर वापरणाऱ्याला बदलता येतं. ते परस्पर बदलू नका. बदललंत तर जुन्या रुग्णांची तुलना तुटते आणि कुठे तुटली याची नोंदही राहत नाही. त्याऐवजी चढ ०.९८ आहे असं लिहून रेडिऑलॉजीला कळवा आणि लो-केव्हीची ट्यूब कधी बदलायची याच्या चर्चेत हाच आकडा टेबलावर ठेवा.